व्हीलचेअर गाडीत पक्की कशी बांधावी

नाशिकमध्ये म्हसरूळहून सिव्हिल हॉस्पिटलकडे निघालो होतो. दिंडोरी नाक्याच्या अलीकडे एक रिक्षा आडवी आली आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. गाडीचा वेग फार तर तीस असेल. गाडी भाड्याची होती. अण्णांची व्हीलचेअर मागच्या मोकळ्या जागेत ठेवलेली, नायलॉनच्या दोरीने पुढच्या सीटच्या पायाला बांधलेली आणि दोन्ही चाकांचे ब्रेक ओढलेले. तरी खुर्ची अख्खी पुढे सरकली, पायठेवण पुढच्या सीटखाली घुसली आणि अण्णा कमरेच्या दोरीवर ओणवे झाले. त्यांना सावरलं, पाणी दिलं, ते म्हणाले "काही नाही झालं". घरी येऊन पायमोजा काढला तेव्हा आत रक्त होतं. नडगी चांगली बोटभर सोलली होती. कमरेखाली संवेदना नसल्यामुळे त्यांना स्वतःला ते कळलंच नव्हतं.

दोरी आम्हीच बांधू दिली होती, कारण काय मागायचं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. घरात नुकतीच व्हीलचेअर आली असेल, दवाखान्याच्या, फिजिओथेरपीच्या फेऱ्या सुरू झाल्या असतील, तर पहिल्याच फेरीच्या आधी हे वाचून ठेवा.

आधी हे ठरवा: माणूस खुर्चीत बसून जाणार की गाडीच्या सीटवर?

उचलून गाडीच्या सीटवर बसवता येत असेल तर तेच करा. गाडीची सीट, तिचा बेल्ट, डोक्यामागची उशी हे सगळं मिळून माणसाला धरण्यासाठी बनवलेलं आणि तपासलेलं असतं. व्हीलचेअर मुळात चालण्याऐवजी वापरायची वस्तू आहे, गाडीतली सीट म्हणून ती बनलेली नसते. दोन माणसं आणि सरकफळी (खुर्ची आणि सीटच्या मध्ये ठेवून माणसाला सरकवायची गुळगुळीत फळी) असेल तर बऱ्याच जणांना सीटवर घेता येतं. रिक्षात तर दुसरा मार्गच नाही: माणूस सीटवर, खुर्ची घडी करून वेगळी.

घडी केलेली रिकामी खुर्चीही मोकळी ठेवू नका. डिकीत आडवी ठेवा. डिकीत मावत नसेल तर मागच्या सीटवर ठेवून सीटबेल्ट तिच्या फ्रेममधून ओवून लावा. पंधरा-वीस किलोचं लोखंड ब्रेकसरशी पुढे आलं की कुणाच्या मानेवर बसेल ते सांगता येत नाही.

पण काहींना उचलणं शक्य नसतं, किंवा उचलणं त्यांच्या मणक्याला, खांद्यांना, कातडीला घातक असतं. अण्णांचं तसंच आहे. द्राक्षांच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडले आणि मणक्याला मार बसला. त्यांना खुर्चीतच बसवून न्यावं लागतं. पुढचं सगळं अशांसाठी.

खुर्चीचे ब्रेक म्हणजे बांधणं नव्हे

चाकाचा ब्रेक टायरवर दाबून बसतो, त्यामुळे चाक फिरत नाही, एवढंच त्याचं काम. गाडी थांबली आणि खुर्ची पुढे निघाली तर चाक न फिरताही फरशीवरून घसरत जातं.

किती ताकदीने निघते ते एकदा आकड्यात बघा. व्हीलचेअर बांधायच्या पट्ट्यांसाठी आयएसओ १०५४२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि गाडीत सीट म्हणून वापरायच्या व्हीलचेअरसाठी आयएसओ ७१७६-१९. दोन्ही पहिल्यांदा २००१ साली आली. त्यातल्या चाचणीत ताशी ४८ किलोमीटर वेगाने समोरून होणाऱ्या धडकेसारखा हिसका देतात आणि तो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे वीस पट असतो. म्हणजे २० किलोची खुर्ची त्या क्षणी ४०० किलोंसारखी ओढते आणि ६५ किलोंचे अण्णा १३०० किलोंसारखे. दोन्ही एकाच दोरीवर आले तर सतरा क्विंटल. ही दोरी तुटेल का, हा प्रश्नच उरत नाही.

म्हणून यातली मुख्य गोष्ट ही: खुर्ची वेगळी बांधायची आणि माणूस वेगळा. खुर्चीला चार पट्टे, माणसाला कमरेचा आणि खांद्याचा असे गाडीला पक्के केलेले बेल्ट. माणसाचा भार खुर्चीवर आणि खुर्चीचा भार माणसावर येता कामा नये. आमच्या त्या दोरीने नेमकं उलटं केलं होतं. ती अण्णांच्या कमरेवरून खुर्चीला आणि तिथून सीटच्या पायाला गेली होती, त्यामुळे खुर्ची पुढे निघाली तशी दोरीने त्यांनाही पुढे ओढलं.

खुर्चीवर पट्टा कुठे अडकवायचा

दिवसाउजेडी खुर्चीजवळ बसा आणि फ्रेमवरून हात फिरवा. हवी आहे ती वेल्डिंगची जागा, जिथे उभी नळी आडव्या नळीला कायमची जोडली आहे. मागे, बैठकीच्या जरा खाली अशी जागा दोन्ही बाजूंना मिळते. पुढे लहान चाकाच्या वरच्या बाजूला मिळते. या चार जागा.

हात ठेवायची दांडी, पायठेवण, चाकं, स्पोक, ढकलायच्या मुठी आणि घडीच्या खुर्चीखालची फुलीची दांडी, यांना पट्टा कधीही लावू नका. जे निघतं, फिरतं किंवा दुमडतं ते हिसक्याला तुटतं किंवा हातात येतं. ड्रायव्हरला नेमकं हेच सगळ्यात सोयीचं वाटतं, कारण हात तिथेच पोचतो.

गाडीत वापरासाठी तपासलेल्या खुर्चीवर या चार ठिकाणी हुकचं छोटं चित्र असतं. शिबिरातून मिळालेल्या किंवा मेडिकलच्या दुकानातून घेतलेल्या घडीच्या खुर्चीवर ते दिसलं नाही आणि पुस्तिकेतही तसा उल्लेख नसेल, तर तिची अशी चाचणी झालेली नाही असंच धरा. तिलाही चार पट्टे लावायचेच, पण अशा खुर्चीत बसवून महामार्गावर नेण्यापेक्षा शहरातल्या जवळच्या, सावकाश फेऱ्यांपुरतीच ती ठेवा.

आम्ही चार जागांवर लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे. नवा ड्रायव्हर आला की त्याला एकच वाक्य सांगायचं: "दादा, हुक फक्त लाल टेपवर." तेवढं पुरतं.

गाडीचा तळ

चार पट्टे कसे ओढतात हे मी अण्णांना कागदावर काढून दाखवत होतो. ते म्हणाले, "अरे, हा तर मांडवाचा ताण!" द्राक्षबागेच्या मांडवाचा टोकाचा खांब नुसता सरळ पुरून उभा राहत नाही. घडांनी लगडलेल्या तारा त्याला आत ओढतात. म्हणून बाहेरच्या बाजूला तिरकी तार काढून ती जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधतात. दगड उथळ पुरला तर तार कितीही जाड असो, भर हंगामात खांब कलतो.

गाडीत तो दगड म्हणजे तळ. व्हॅनच्या तळाचा पत्रा पातळ असतो. त्याला भोक पाडून साधा नट-बोल्ट लावला तर हिसक्याला बोल्ट पत्रा फाडून वर येईल. म्हणून बोल्ट शक्यतो चेसिसच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) आडव्या पट्टीतून किंवा कंपनीने सीट आणि सीटबेल्टसाठी आधीच दिलेल्या जागेतून घ्यायचा. जिथे नुसताच पत्रा आहे तिथे खालून पोलादी प्लेट द्यायची, तीन मिलिमीटरपेक्षा पातळ नको आणि तळहातापेक्षा लहान नको. म्हणजे ओढ एका भोकावर न येता पसरते. बोल्ट हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीचा, डोक्यावर ८.८ कोरलेला. साधा बोल्ट दिसायला तसाच असतो, म्हणून आकडा स्वतः वाचा.

ड्रिल लावण्याआधी गाडी रॅम्पवर चढवून खालून बघायलाच हवं. इंधनाची नळी, ब्रेकची नळी, वायरिंग, सीएनजीची टाकी, सगळं तिथेच असतं. वरून अंदाजाने भोक पाडणाऱ्या कारागिराला हात जोडून परत पाठवा.

सातपूर-अंबडला गाड्यांच्या सुट्या भागांचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं, प्लेट कापून देणारे फॅब्रिकेटर वाटेल तेवढे मिळतील. पण प्लेट आणि बसवणं स्थानिक चालेल, पट्टे, बकल आणि तळातली पट्टी मात्र व्हीलचेअरसाठी तपासलेल्या संचातलीच घ्या. तळाची खाचांची पट्टी विमानातल्या सीटच्या पट्टीसारखी असते, पट्ट्याची मूठ (टोकाचा अडकवायचा भाग) तिच्यात बसवून पुढे-मागे सरकवता येते. खुर्ची बदलली, माणूस बदलला तरी अडत नाही.

ट्रकवाल्यांचे लॅशिंग बेल्ट द्वारका सर्कलपासून आडगावपर्यंत कुठेही मिळतात. त्यावर टनांचे आकडेही असतात, त्यामुळे मोह होतो. ते माल आवळून धरण्यासाठी असतात, माणूस बसलेली खुर्ची हिसक्यात धरण्यासाठी त्यांची चाचणी झालेली नसते. शिवाय त्यांचे हुक उघड्या तोंडाचे असतात. खड्ड्यात पट्टा क्षणभर सैल पडला की हुक निसटतो.

आरटीओ आणि विमा

मागची सीट काढणं, तळात पट्टी बसवणं, रॅम्प लावणं हा गाडीतला बदल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. काम सुरू करण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत जाऊन विचारा, बदल नोंदवून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर "सीट का काढली?" हा प्रश्न दावा अडवायला पुरेसा असतो.

आता प्रत्यक्ष बांधणं

आम्हाला आता चार-पाच मिनिटं लागतात. पहिल्या आठवड्यात पंधरा लागायची. घाई असेल त्या दिवशी पंधरा मिनिटं आधी निघा, पण यातली पायरी गाळू नका.

खुर्ची नेहमी गाडीच्या तोंडाकडे तोंड करून ठेवायची. दाराकडे तोंड करून, आडवी, कधीही नाही. आडव्या खुर्चीतल्या माणसाला समोरच्या धडकेत बाजूने मार बसतो, त्याचं शरीर बेल्टवरून घसरतं आणि खुर्चीही बाजूने दुमडते. जागा कमी आहे म्हणून आडवी लावतो असं कुणी म्हणालं तर ती गाडी तुमच्या कामाची नाही.

पाठ जितकी सरळ करता येईल तितकी करा. पुढे ताट, ट्रे लावलेला असेल तर काढा. मुठींवरच्या पिशव्या, पाण्याची बाटली, रिपोर्टची फाईल काढून वेगळी बांधा. विजेची खुर्ची असेल तर वीज बंद करा. अशा खुर्च्या बॅटरीसकट फार जड असतात, त्यामुळे पट्ट्यांचा संच तेवढ्या वजनासाठी आहे का हे घेतानाच बघा. काहींना मागे चार पट्टे लागतात. डोक्यासमोर साधारण ६५ सेंटिमीटर आणि मागे ४० सेंटिमीटर मोकळं असू द्या, म्हणजे खांद्याचा बेल्ट ताणला तरी कपाळ पुढच्या सीटवर आपटणार नाही.

मग पट्टे. आधी पुढचे दोन. तळातल्या त्यांच्या जागा खुर्चीच्या रुंदीपेक्षा जरा बाहेर असाव्यात, म्हणजे वळणावर खुर्ची बाजूला कलत नाही. मागच्या दोघांच्या जागा मात्र नेमक्या फ्रेमच्या मागे, सरळ रेषेत. पुढचे लावून झाले की मागचे लावा आणि रॅचेटने (पट्टा आवळायच्या दातेरी खटक्याने) किंवा बकलने ताण द्या. सगळा ताण मागून येतो, पुढचे आपोआप ताठ होतात. समोरच्या धडकेत खुर्चीला धरून ठेवतात ते हेच मागचे दोन, त्यामुळे नजर ठेवायची तर त्यांच्यावर.

कोन महत्त्वाचा आहे. मागच्या पट्ट्याचा तळाशी कोन ३० ते ४५ अंश, पुढच्यांचा ४० ते ६० अंश. यंत्र लागत नाही. चौरस कागद समोरासमोरच्या कोपऱ्यावर कोपरा आणून दुमडा, ४५ अंशांचा त्रिकोण मिळतो. तो तळावर उभा धरा. मागचा पट्टा त्याच्या तिरक्या कडेइतका किंवा तिच्यापेक्षा थोडा निजलेला हवा, पुढचा कडेइतका किंवा थोडा उभा. मागचा पट्टा फार उभा झाला तर खुर्चीला मागे धरण्याऐवजी नुसतीच खाली दाबतो. मांडवाचा ताण खांबाच्या बुडाशीच पुरल्यासारखं होतं ते.

पट्ट्याला पीळ नको, दोन पट्टे एकमेकांवरून जायला नकोत, आणि पायठेवणीच्या किंवा बोल्टच्या धारदार कडेला पट्टा घासत नाही ना ते बोटाने तपासा. मग खुर्चीचे ब्रेक लावा आणि पाठीमागून, बाजूने खुर्ची जोर लावून हलवा. बोटभर हलली तर ठीक. त्यापेक्षा जास्त हलली तर परत आवळा.

माणसाचे बेल्ट

इथे मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण चूक झाली तर बेल्टच इजा करतो.

कमरेचा बेल्ट पोटावर नाही, मांडी आणि पोट जिथे मिळतात त्या घडीत बसला पाहिजे, कमरेच्या हाडांवर. पोटावर राहिला तर हिसक्यात आतड्यांवर, यकृतावर दाब येतो. हात ठेवायच्या दांडीवरून बेल्ट घेतला की तो शरीरापासून वर उचलला जातो आणि हमखास पोटावर येतो. म्हणून दांडीच्या आतून, बैठक आणि दांडीच्या मधल्या फटीतून घ्यायचा. ही फट बऱ्याच खुर्च्यांत कापडाने बंद असते. दांडी निघणारी असेल तर ती काढून ठेवणं उत्तम.

मी अण्णांना म्हणतो, "अण्णा, हात जरा वर करा." मग बेल्ट आतून सरकवून दोन बोटं हाडावर ठेवतो, बेल्ट बोटांखाली आणतो आणि आवळतो. संवेदना नसलेल्या माणसाला "टोचतंय का?" विचारून उपयोग नसतो. स्वतः हात फिरवून बघावं लागतं: धोतराची, लुंगीची घडी बेल्टखाली गोळा झाली आहे का, लघवीच्या पिशवीची नळी दबली आहे का. नळी दबली तर पिशवी भरत नाही आणि त्रास तासाभराने लक्षात येतो. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

खांद्याचा बेल्ट गाडीच्या खांबावर, खांद्यापेक्षा वर पक्का केलेला हवा. तो मानेला न लागता खांद्याच्या मध्यावरून, छातीच्या हाडावरून तिरका जाऊन कमरेच्या बेल्टला मिळतो. खुर्चीबरोबर आलेला छातीचा किंवा कमरेचा मऊ पट्टा बसण्याची ढब राखण्यासाठी असतो. तो राहू द्या, पण तो सीटबेल्टच्या जागी धरू नका. धड सावरत नसेल तर बाजूला उशा द्या, खांद्याचा बेल्ट करकचून आवळू नका.

वाटेत

हवेच्या टायरवर पट्टे ओढले की टायर थोडे दबतात आणि खड्ड्यांनी पट्टे बसतात, म्हणून पाच-दहा मिनिटांनी एकदा गाडी बाजूला घेऊन ताण बघायचा. मुंबईला जाताना आम्ही इगतपुरीला चहाला थांबतो ते यासाठीच. पुढे कसारा घाटाच्या उतारावर सगळा भार सतत मागच्या पट्ट्यांवर असतो आणि वळणांवर धड एका बाजूला झुकतं. वणीच्या सप्तशृंगी गडाचा घाट उतरतानाही असंच. गडावरच्या गावातून वर मंदिरात जायला फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी चढाची रेल्वे) आहे, अण्णांना देवीचं दर्शन त्यामुळेच झालं, पण तिथपर्यंतचा रस्ता आपल्यालाच सांभाळून करावा लागतो.

बसने जाणार असाल तर हे माहीत असू द्या: केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन १ मार्च २०२० पासून बसमध्ये दिव्यांगांसाठी राखीव आसनं आणि हातकठडे यांच्यासोबत व्हीलचेअर चढवण्याची, ठेवण्याची आणि जागेवर अडकवण्याची सोयही पाहण्याची तरतूद झाली आहे. गाडीत पट्टा असेल तर कंडक्टरला नम्रपणे पण ठामपणे सांगा, "साहेब, खुर्ची अडकवल्याशिवाय बस काढू नका." मागचे प्रवासी खोळंबतात, कुणीतरी पुटपुटतं. पुटपुटू द्या.

निगा

त्र्यंबक रोडची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल तळाच्या पट्टीच्या खाचांत जाऊन बसतो, मग मूठ पूर्ण बसत नाही आणि वरून मात्र बसल्यासारखी दिसते. दर आठवड्याला जुन्या टूथब्रशने खाचा साफ करा. बकलला तेल लावू नका, तेलावर धूळ चिकटते. पट्टे साध्या साबणाच्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा. कडेचे धागे सुटले, शिवण उसवली, उन्हाने रंग उडून कडक झाला, तर पट्टा बदला. अपघातात ताण घेतलेला पट्टा वरून धड दिसला तरी पुन्हा वापरायचा नाही. पावसाळा संपला की गाडीखाली वाकून प्लेटा आणि बोल्टना गंज चढला आहे का ते पाहा.

उतरवताना आधी गाडीचा हँडब्रेक, मग खुर्चीचे ब्रेक, त्यानंतरच माणसाचे बेल्ट आणि शेवटी पट्टे. ब्रेक लावल्याशिवाय पट्टे काढले तर उतारावर उभ्या गाडीतून खुर्ची रॅम्पकडे निघते. रॅम्पवरून खुर्ची पाठीकडून उतरवायची, तुम्ही खालच्या बाजूला.

आणि घरी आल्यावर दोन्ही पायमोजे काढायचे. नडग्या, टाचा, बेल्ट जिथे होता तिथली कातडी उजेडात नीट बघायची. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर तिथे दाब येऊ द्यायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचं आणि पट्टा कुठे लागतो ते पुन्हा तपासायचं.